विमान एंजिनांतील तेलगळती
विमान एंजिनांतील तेलगळती : लहान विमानांच्या दट्ट्याच्या एंजिनातील वंगण तेल सांध्यांतून, ऑइल सीलमधून, नळ्यांच्या जोडांतून अथवा धातूला गेलेल्या तड्यातून एंजिनाबाहेर येणे म्हणजे तेलगळती होय. अशा एंजिनात तेल केवळ घर्षण कमी करण्याचे काम करीत नाही. दट्ट्या, धारवे आणि झडपांची यंत्रणा यांतील उष्णता वाहून नेणे, दट्ट्याची कडी व सिलिंडर यांमधील फट भरून काढणे, झिजेचे कण व काजळी गाळणीपर्यंत नेणे आणि पोलादी भागांचे गंजण्यापासून रक्षण करणे ही कामेही तेच करते. लहान विमानांची बहुतेक एंजिने हवेने थंड होणारी असल्यामुळे उष्णतेचा बराचसा भार तेलावर पडतो. एकाच एंजिनाच्या विमानात तेल संपले, तर धारवे वितळून एंजिन थोड्याच मिनिटांत जाम होते व वैमानिकास मिळेल त्या जागी उतरावे लागते. म्हणून तेलगळतीचा इतिहास हा पुष्कळ अंशी लहान विमानांच्या सुरक्षिततेचाही इतिहास आहे. [→ अंतर्ज्वलन-एंजिन].

ऐतिहासिक आढावा : प्रारंभीच्या विमानांत तेल एंजिनाबाहेर जाणे हा दोष मानला जात नसे. फ्रान्समध्ये सेगँ बंधूंनी १९०८ च्या सुमारास तयार केलेल्या ‘नोम’ या एंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे एंजिनाचा मुख्य दंड, स्थिर असे आणि सिलिंडरांचे संपूर्ण कडे पंख्यासह त्याभोवती फिरे. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे त्या दंडाभोवतीच्या पेटीतून, सिलिंडरांत जात असल्यामुळे खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून निरुपयोगी होई. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही आणि उच्च तापमानातही त्याची स्निग्धता बऱ्यापैकी टिकते. त्यामुळे या एंजिनांसाठी तेच वापरले जाई. एकदा वापरलेले एरंडेल परत टाकीत येत नसे. ते निष्कास वायूंबरोबर बाहेर फेकले जाई आणि विमानाचा पुढचा भाग, वैमानिकाचा चश्मा व कपडे त्याने माखून निघत. पहिल्या महायुद्धात ‘सॉपविथ कॅमल’ सारखी विमाने अशाच एंजिनांवर चालत. या विमानातून लढलेल्या वैमानिकांत भारताचे हरदित सिंग मलिक हेही होते. ब्रिटनमधील वेकफील्ड कंपनीने १९०९ मध्ये आपल्या तेलास दिलेले ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलेले आहे. युद्धकाळात एरंडेलाची मागणी एवढी वाढली की, अमेरिकेने आशियातून एरंडीचे बी मागवून आपल्या देशात त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड केली.

फिरत्या सिलिंडरांची एंजिने युद्धानंतर मागे पडली. स्थिर सिलिंडरांच्या एंजिनांत तेल पंपाने धारव्यांपर्यंत पोहोचवून पुन्हा टाकीत वा तळाच्या कुंडात आणण्याची पद्धत रूढ झाली. येथपासून तेलाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. आता तेल पुनःपुन्हा वापरावयाचे असल्यामुळे बाहेर पडलेला प्रत्येक थेंब हा साठ्यातील तूट ठरू लागला. लांब पल्ल्याच्या उड्डाणांत पेट्रोल किती उरले याइतकाच तेल किती उरले हा प्रश्न महत्त्वाचा झाला.

त्याचे एक विलक्षण उदाहरण १५ मे १९३५ रोजी घडले. ऑस्ट्रेलियाहून न्यूझीलंडकडे टपाल घेऊन निघालेल्या ‘सदर्न क्रॉस’ या तीन एंजिनांच्या फॉकर विमानाच्या मधल्या एंजिनाच्या निष्कास नळीचा तुकडा निसटून उजव्या बाजूच्या पंख्यावर आदळला. ते उजवे एंजिन बंद करावे लागले आणि चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ यांनी विमान माघारी वळविले. सर्व भार आलेले डावे एंजिन झपाट्याने तेल संपवू लागले. तेव्हा सहवैमानिक पी. जी. टेलर हे समुद्रावरून उडणाऱ्या विमानाच्या बाहेर पडले व आधारदांड्यावरून सरकत बंद एंजिनापर्यंत गेले. तेथील तेल त्यांनी थर्मासमध्ये काढून घेतले व डाव्या एंजिनाच्या टाकीत ओतले. अशा फेऱ्या त्यांना सहा वेळा कराव्या लागल्या. विमान सुखरूप परत उतरले आणि टेलर यांना पुढे शौर्यपदक मिळाले. एंजिनात दुसरा कोणताही बिघाड नसताना केवळ तेल कमी पडल्याने विमान बुडू शकते, हे या घटनेने सर्वांच्या लक्षात आणून दिले.

भारतात लहान विमानांच्या देखभालीची परंपरा फ्लाइंग क्लबांपासून सुरू झाली. बाँबे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये स्थापन झाला. जे. आर. डी. टाटा यांनी तेथे उड्डाणाचे शिक्षण घेऊन १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळविला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, ते ‘पस मॉथ’ या विमानातून. या विमानाचे ‘जिप्सी’ एंजिन उलट्या मांडणीचे होते, म्हणजे त्यात क्रँकशाफ्ट वर व सिलिंडर खाली लोंबत असत. या मांडणीमुळे वैमानिकास समोरचे चांगले दिसे व पंखा जमिनीपासून उंच राही, परंतु तेलाच्या दृष्टीने ती गैरसोयीची होती. तेलासाठी वेगळी टाकी ठेवावी लागे. झडपांची झाकणे अगदी तळाशी येत असल्यामुळे त्यांच्या गॅस्केटमधून तेल पाझरे. विमान बरेच दिवस उभे राहिल्यास तेल दट्ट्यावरून झिरपून सिलिंडरात साठे आणि तशा स्थितीत एंजिन सुरू केल्यास संयोगदांडा वाकण्याचा धोका असे. म्हणून सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने फिरवून पाहण्याची शिस्त क्लबांच्या यांत्रिकांनी अंगी बाणवली. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्लाइंग क्लबांत आलेल्या ‘टायगर मॉथ’ विमानांमुळे ही शिस्त पुढील पिढीपर्यंत पोहोचली.

गळती रोखण्याची साधनेही याच काळात बदलली. आरंभी चामडे, नमदा, बूच व कागद यांची सील आणि गॅस्केट वापरीत. उष्णतेने ती कडक होत, आकसत व फाटत. १९३० नंतर कृत्रिम रबर उपलब्ध झाले. डेन्मार्कमध्ये जन्मलेले अमेरिकन संशोधक नील्स क्रिस्टेन्सेन यांच्या ओ-रिंगला १९३९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धातील विमानांत तिचा सर्वत्र प्रसार झाला. खाचेत बसविलेले हे साधे रबरी कडे दाब वाढला की अधिक घट्ट बसते, हे त्याचे वैशिष्ट्य होय. सिलिकोन रबरामुळे उष्ण भागांसाठी अधिक टिकाऊ गॅस्केट मिळाले.

स्वातंत्र्योत्तर काळात बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे (१९०८–९१) यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान तयार झाले व १९५१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. त्याचे १५५ अश्वशक्तीचे ‘सिरस मेजर’ एंजिन उलट्या मांडणीचेच होते. १९५८ मध्ये उडालेल्या व पुढे फ्लाइंग क्लबांत रुळलेल्या ‘पुष्पक’ विमानात मात्र ९० अश्वशक्तीचे काँटिनेंटल सी-९० हे समोरासमोर आडव्या सिलिंडरांचे एंजिन होते. कोल्हापूर भागातील घाटगे यांच्या या दोन विमानांत एंजिनांच्या दोन पिढ्या एकापाठोपाठ एक दिसतात. आडव्या मांडणीत तेलकुंड एंजिनाच्या तळाशी असते व तेल गुरुत्वाकर्षणाने त्यात परत येते. पुढे जगभरच्या प्रशिक्षण केंद्रांत पसरलेली सेस्ना १५२ व सेस्ना १७२ ही विमाने याच मांडणीची आहेत.

खानदेशातील प्रशिक्षण केंद्रे : मुंबईच्या आकाशात प्रवासी विमानांची वर्दळ वाढल्यावर शिकाऊ उड्डाणांसाठी मोकळ्या आकाशाची गरज भासू लागली. एकविसाव्या शतकात बाँबे फ्लाइंग क्लबने आपले उड्डाण प्रशिक्षण धुळ्याजवळील गोंदूर येथील विमानतळावर नेले. धुळे जिल्ह्यातच शिरपूर येथील धावपट्टीवर वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. जळगाव येथे सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ मध्ये बांधलेल्या धावपट्टीचा पुढे विस्तार झाला आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पाच विमानतळांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लिलाबारी यांच्याबरोबर जळगावचा समावेश झाला. जुहूला सुरू झालेली लहान एंजिनांची निगा अशा रीतीने तापीच्या खोऱ्यात आली.

येथील हवामान या एंजिनांची कसोटी पाहणारे आहे. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशात कमाल तापमान ४०° से.च्या बरेच वर जाते. तापलेली विरळ हवा सिलिंडरांना कमी थंड करते, तेल पातळ होते आणि थंडीत केवळ ओलसर दिसणारा सांधा उन्हाळ्यात ठिबकू लागतो. काळ्या जमिनीची बारीक धूळ हवागाळणीतील फटीतून आत गेल्यास दट्ट्याची कडी झिजतात. मग ज्वलनातील वायू क्रँककेसमध्ये उतरून तेथील दाब वाढवितात व तेल बाहेर ढकलले जाते. पावसाळ्यात उड्डाणे थांबली, तर उभ्या एंजिनातील सील कोरडी पडतात आणि आतील भागांवर गंज धरतो. शिवाय शिकाऊ वैमानिक एका तासात अनेकदा विमान उतरवून पुन्हा उडवितो. त्यामुळे एंजिन वारंवार तापते व निवते आणि धातू व गॅस्केट यांच्या कमी-अधिक प्रसरणाने सांध्यांवर ताण येतो.

या प्रदेशात विहिरीवरील डीझेल एंजिन घरोघरी परिचयाचे आहे. त्याच्या तळाशी तेलाचे थारोळे दिसले, तरी शेतकरी वरून तेल घालून केळीला पाणी देण्याचे काम पुरे करून घेतो. ते एंजिन बंद पडल्यास एका दिवसाचे पाणी चुकते. विमानात मात्र त्याच गळतीचा अर्थ वेगळा होतो, कारण तेथे एंजिन बंद करून पाहणी करण्याची सोय नसते.

गळतीची ठिकाणे व लक्षणे : लायकॉमिंग ओ-३२० या प्रचलित एंजिनाच्या तेलकुंडात सु. ७·६ लि. तेल मावते व किमान सु. १·९ लि. तेल असल्याखेरीज ते सुरक्षितपणे चालू शकत नाही. १६० अश्वशक्तीच्या एंजिनास उत्पादकाच्या सूत्रानुसार तासाला जास्तीत जास्त सु. अर्धा लि. तेल खपणे क्षम्य असते. चांगल्या स्थितीतील एंजिनाचा खप याहून पुष्कळच कमी असतो.

दाबमापक गळती लवकर दाखवीत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कुंडातील पातळी घसरत असली, तरी पंपाच्या तोंडाशी तेल आहे तोवर दाब नेहमीसारखा राहतो. पंप तेलाबरोबर हवा ओढू लागला की दाब एकाएकी कोसळतो. तेलाचे तापमान त्याआधी वाढू लागते, कारण थोडे तेल तितकीच उष्णता वाहून नेत असते. म्हणून उड्डाणापूर्वी डिपस्टिकने पातळी पाहणे व किती तेल घातले याची नोंद ठेवणे यांना मापकाहून अधिक महत्त्व आहे. एका तासामागे लागणाऱ्या तेलाचा आकडा महिनोन्‌महिने स्थिर राहून अचानक वाढला, तर डाग दिसण्याआधीच काही तरी बिघडल्याचे कळते.

तेल बाहेर येण्याच्या नेहमीच्या जागा पुढीलप्रमाणे आहेत : झडपांच्या झाकणांची गॅस्केट, झडपांना ढकलणाऱ्या दांड्यांच्या नळ्यांची सील, सिलिंडरांतून तेल कुंडात परत आणणाऱ्या नळ्यांचे रबरी जोड, सिलिंडराच्या बुडाची ओ-रिंग, पंख्यामागील क्रँकशाफ्टचे सील, तेलगाळणीचा जोड, मागील बाजूच्या पंपांची व मापकचालकांची गॅस्केट आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या लवचिक नळ्या. क्रँककेसचे दोन अर्धे भाग जेथे जुळतात, त्या सांध्यात पातळ लेपाबरोबर रेशमी धागा ठेवण्याची पद्धत आजही चालू आहे.

यांपैकी काही गळत्या केवळ अस्वच्छतेच्या असतात, तर काही प्राणघातक ठरतात. झाकणाच्या गॅस्केटमधून येणारा ओलावा वेळीच दूर केल्यास भागते. दाबाखालील नळी फुटली किंवा गाळणीचा जोड सुटला, तर कुंड थोड्याच वेळात रिकामे होते. गाळणीच्या जोडतबकडीखालील गॅस्केट सरकून तेल जाण्याच्या घटनांमुळे अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने अनेक लायकॉमिंग एंजिनांसाठी २००२ मध्ये त्या गॅस्केटची तपासणी व बदल यांसंबंधी सक्तीचा निर्देश काढला. तेल तापलेल्या निष्कास नळीवर पडल्यास धूर वा आग होऊ शकते आणि समोरच्या काचेवर पसरल्यास उतरताना धावपट्टी दिसत नाही.

शोध व दुरुस्ती : तेल जेथे दिसते तेथेच ते गळत असते असे नाही. पंख्याच्या वाऱ्याने ते मागे व खाली वाहत जाते आणि एंजिनाचा सर्व पृष्ठभाग माखून टाकते. म्हणून पहिली पायरी एंजिन स्वच्छ धुऊन कोरडे करण्याची असते. त्यानंतर एंजिन जमिनीवर थोडा वेळ चालवून सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा ओला ठिपका शोधतात. संशयित सांध्यावर पांढरी पूड फवारल्यास पाझर गडद रेघेच्या रूपाने उमटतो. तेलात प्रतिदीप्त रंग मिसळून जंबुपार प्रकाशात पाहिल्यास अगदी सूक्ष्म गळतीही चमकते.

विमानाच्या पोटावर तेल पसरलेले आढळल्यास श्वासनलिकेचा, म्हणजे क्रँककेसमधील वायू बाहेर सोडणाऱ्या नळीचा, विचार आधी करावा लागतो. कुंड काठोकाठ भरले की वरचे तेल या नळीवाटे बाहेर फेकले जाते. म्हणून अनेक चालक ते पूर्ण भरीत नाहीत. तेल कमी भरूनही तसेच घडत असेल, तर सिलिंडरांची दाबचाचणी घेऊन कड्यांची झीज तपासतात. नळीच बुजली असेल, तर आतील दाब पंख्यामागील सील बाहेर ढकलतो. अशा वेळी नुसते सील बदलल्याने काही साधत नाही, कारण नवे सीलही त्याच दाबाने जाते. हेच सूत्र इतर ठिकाणीही लागू पडते. गळती हे पुष्कळदा रोगाचे लक्षण असते. लक्षण झाकले की रोग आतल्या आत वाढत राहतो.

या कारणास्तव सांध्यावर बाहेरून लेप थापणे निषिद्ध मानतात. सिलिंडराच्या बुडाशी वा क्रँककेस बांधणाऱ्या लांब बोल्टांच्या आसनाखाली नको तेथे लेप गेल्यास तो पुढे दबतो, बोल्टांचा ताण उतरतो आणि धारव्याची कवचे सरकून एंजिन फुटण्याचा धोका निर्माण होतो. झाकणाचे स्क्रू अधिक आवळले, तर गॅस्केट चिरडते व कडा वाकतात. त्यामुळे ठरलेला पीळ मोजूनच ते आवळावे लागतात. जुनी ओ-रिंग वा गॅस्केट पुन्हा वापरीत नाहीत. दुरुस्तीनंतर एंजिन चालवून तीच जागा पुन्हा पाहतात व मगच झाकण लावतात.

योग्य तेलाची निवडही यातच मोडते. नव्या वा नुकत्याच उघडून जोडलेल्या एंजिनात पहिले सु. ५० तास साधे खनिज तेल वापरतात व नंतर १९५०–६० या दशकात प्रचारात आलेले राखविरहित विकिरणकारी तेल घालतात. हे तेल काजळी तरंगत ठेवते व गाळ साचू देत नाही. खानदेशासारख्या उष्ण प्रदेशात अधिक घट्ट प्रतीचे तेल घ्यावे लागते. पूर्ण प्रवाहाची गाळणी असलेल्या एंजिनात सु. ५० तासांनी, तर केवळ जाळी असलेल्या एंजिनात सु. २५ तासांनी तेल बदलतात. काढलेली गाळणी कापून तिच्यातील धातूचे कण पाहणे हा त्या कामाचाच भाग असतो.

नियमन व जबाबदारी : भारतात हवाई वाहतुकीचे नियमन १९३४ च्या विमान अधिनियमान्वये होत असे. त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने १ जानेवारी २०२५ पासून घेतली. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेला देखभाल अभियंता दुरुस्ती तपासून स्वाक्षरी करतो. दट्ट्याच्या एंजिनांच्या विमानांसाठी या परवान्याचा बी १·२ हा स्वतंत्र वर्ग आहे. त्या स्वाक्षरीशिवाय दुरुस्त केलेले विमान उडविता येत नाही.

प्रशिक्षण केंद्रांत या व्यवस्थेला विशेष अर्थ प्राप्त होतो. अनुभवी वैमानिकास एंजिनाच्या आवाजातील किंवा वासातील फरक चटकन जाणवतो. एकट्याने उडू लागलेल्या विद्यार्थ्यापाशी ही जाण नसते. त्याचा सारा विश्वास डिपस्टिकवरील खुणेवर आणि आदल्या रात्री झाकण उघडून सांधे पाहणाऱ्या अभियंत्यावर असतो. म्हणून उड्डाणापूर्वी विमानाखालची फरशी पाहणे, तेलाची पातळी स्वतः मोजणे व आढळलेला डाग संकोच न करता नोंदविणे हे पहिल्या धड्यांतच शिकविले जाते. गळती लपविणारी नोंद आणि बाहेरून लेप थापलेला सांधा या दोहोंचा परिणाम एकच असतो, व तो पुढच्या उड्डाणास भोगावा लागतो.